न घेतलेली गोळी

चावीवाल्यांनी गोळी सोडली ती चोरून नाही, चांगली चार माणसांत सोडली. भर दुपारी ते बायकोच्या लाँड्रीत आले, खिशातून गोळ्यांचं खोकं काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर टाकलं.

"हे फेकून दे. आजपासून बंद."

दुकानात तेव्हा समोरच्या स्टुडिओतले फोटोवाले आपला कोट न्यायला आले होते. दारात चावीवाल्यांचा धाकटा भाऊ हाताची घडी घालून उभा होता, आपला विद्यार्थी पहिला आल्यासारखा चेहरा करून. हा धाकटा व्यायामशाळा चालवायचा आणि काय खावं, काय खाऊ नये ते लोकांना शिकवायचा. चावीवाल्यांच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा. त्याचं ऐकून सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणायला लागली होती, तिच्याहून वयाने मोठे असलेले फोटोवालेसुद्धा.

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. "डॉक्टरीणबाईंना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांच्या टेबलावरचा पेन बघितलास? गोळीचं नाव आहे त्यावर. भिंतीवरच्या घड्याळावर तेच नाव. त्या काय सोडा म्हणणार आहेत?"

"वहिनी, फक्त ही एक," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "रक्त पातळ करायच्या गोळ्या दादा घेणार, त्याला माझी ना नाही. ही कोलेस्टेरॉलची तेवढी नको. आग लागली की तिथे बंब दिसतो. म्हणून काय आग बंबाने लावली म्हणायचं? कोलेस्टेरॉलचं तसंच आहे. बिचारं दुरुस्तीला येतं आणि नाव त्याचं होतं. दादाने साखर सोडावी, पाव सोडावा, बिस्किटं सोडावीत. लोणी खावं, अंडी खावीत. तीन महिन्यांत फरक दाखवतो, माझी गॅरंटी."

फोटोवाल्यांनी मान डोलावली. त्यांनाही चार-पाच वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि तीच गोळी ते रोज घेत होते.

वहिनीने खोकं उचललं, टेबलाखालच्या कप्प्यात टाकलं आणि कोट घडी करायला घेतला. फेकते असंही म्हणाली नाही, ठेवते असंही नाही.

झटक्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. चावीवाले एका बंद फ्लॅटचं कुलूप उघडायला उकिडवे बसले होते आणि बसल्या जागी घामाने निथळले. जबडा दुखू लागला, डावा हात लाकडासारखा जड झाला. जिची चावी हरवली होती तिनेच धावपळ करून त्यांना दवाखान्यात पोचवलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजलेली निघाली. तिच्यात जाळी बसवली, मूठभर गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. घरी आलेला माणूस मात्र गेला तो नव्हता. आधी कुणी काही सांगितलं तर ऐकून सोडून देणारे चावीवाले आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे. हा मला का सांगतोय, ह्याचं ह्यात काय आहे, असं.

वहिनीला ते नवं नव्हतं. कपडे पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघायचा हा तिच्या धंद्याचा नियम. त्यामुळे माणूस काउंटरवर काय बोलतो आणि त्याच्या खिशातून काय निघतं हे तिने इतक्यांदा बघितलं होतं की शब्दावर पटकन विश्वास ठेवणं तिला जमतच नसे. तिला डॉक्टरीणबाईंचं घड्याळही खुपलं होतं. पण भावजींच्या व्यायामशाळेत कपाटभर पावडरचे डबे आहेत आणि प्रत्येक डब्यावर त्यांचाच फोटो आहे, हेही तिला दिसत होतं. पेपर उघडावा तर एकदा अंडं वाईट, मग अंडं चांगलं, मग पांढरं चांगलं आणि पिवळं वाईट, मग पुन्हा सगळं चांगलं. ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी विकायला होतं. आणि मधे तिचा नवरा बसला होता.

म्हणून ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. नवऱ्याने गोळी सोडल्याचं सांगितलं आणि लगेच, धीर जाण्याआधी, भिंतीकडे बोट करून म्हणाली, "रागावू नका, पण ते घड्याळ गोळीवाल्या कंपनीचं आहे."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी वळून घड्याळाकडे असं पाहिलं, जणू आजच दिसलं. "खरं आहे. काढायला पाहिजे. तुम्हाला शंका आली त्यात तुमचं काही चुकलं नाही."

"मग खरं काय मानायचं?"

"अंडी किती खावीत, लोणी चालेल का, ह्यावर आमच्यातसुद्धा वाद आहेत. मी आज एक सांगीन, पाच वर्षांनी थोडं वेगळं सांगीन. ज्याला कधी काही झालं नाही त्याला ही गोळी द्यावी का, ह्यावरही भांडता येईल. पण तुमच्या मिस्टरांच्या नळीत काय साठलंय ते मी स्वतः पडद्यावर बघितलंय. तिथे मला वाद दिसत नाही."

"नाही घेतली तर?"

"कदाचित काही होणार नाही. कदाचित परत होईल. घेतली तर परत व्हायची शक्यता कमी. कमी म्हणतेय, शून्य नाही. कुणी गॅरंटी देत असेल तर त्याच्यापासून जपा. मी देत असले तर माझ्यापासूनही."

घरी येताना वहिनीने ठरवून टाकलं. गॅरंटी न देणारी बाई तिला त्यातल्या त्यात खरी वाटली.

चावीवाले जेवणानंतर वाटीभर दही खायचे. लहानपणापासूनची सवय, धाकट्याच्या नियमांतही ती बसत होती. वहिनी ओट्याशी पाठ करून चमच्याच्या बुडाने त्याच खोक्यातली एक गोळी चुरायची, दह्यात कालवायची आणि वरून साय पसरायची. पहिल्या दिवशी तिने दोनदा मागे वळून बघितलं. आठवडाभरात सवय झाली, आणि सवय झाली ह्याचीच तिला जास्त लाज वाटली.

"दही कडवट आहे का ग?" एकदा त्यांनी विचारलं.

"आंबट आहे. उन्हाचे दिवस."

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि सगळं खाल्लं. दुसऱ्या एका दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, आपली वाटी तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "आज तू ही घे, मी तुझी घेतो." वहिनीने हूं की चूं न करता त्यांची वाटी चाटूनपुसून खाल्ली. ते शेवटच्या चमच्यापर्यंत तिच्याकडे बघत होते. त्यानंतर आठ-पंधरा दिवस वाटीचा विषय निघाला नाही, पण जेवताना दोघांचं बोलणं कमी झालं.

शंका फक्त त्यांनाच येत होती असं नाही. चावीवाल्यांचं वागणंही बदललं होतं. ते मधूनच दुकान बंद करून सायकलवर बाजारापलीकडे जाऊ लागले. कुठे, तर म्हणे कोऱ्या चाव्या आणायला. कोऱ्या चाव्यांचा माणूस स्वतः दुकानात येऊन माल देतो हे वहिनीला ठाऊक होतं. हत्यारांच्या पिशवीला त्यांनी छोटंसं कुलूप लावलं. संध्याकाळी दुकान आवरताना ते जरा वेळ पाठमोरे उभे राहायचे आणि बाटलीतलं पाणी प्यायचे. एकदा त्यांच्या पँटच्या खिशातून चांदीच्या कागदाचा एक बारका कपटा निघाला, गोळीच्या पाकिटाचा असतो तसा. त्यावर अर्धंमुर्धं अक्षर होतं, वाचता येत नव्हतं.

"हे काय?" तिने विचारलं.

"डोकं दुखत होतं."

वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डोकं दुखलं की हा माणूस चार दिवस सांगत फिरायचा. भावजी काहीतरी चारतायत, असं तिने मनाशी पक्कं केलं. पावडर झाली, आता गोळ्या. आणि तिकडे सांगायचं काय, तर गोळ्या वाईट.

तीन महिने होत आले तसा धाकटा स्वतः चावीवाल्यांना रक्त तपासायला घेऊन गेला. रिपोर्ट आला आणि व्यायामशाळेत उत्सव झाला म्हणायला हरकत नाही. कोलेस्टेरॉल निम्म्याहून खाली. धाकट्याने फोटोवाल्यांकडून त्या रिपोर्टची मोठी छपाई करून घेतली, दारासारखी उंच, आणि बोर्ड करून आरशाशेजारी लावली. खाली लिहिलं: 'एकही गोळी न घेता'.

वहिनी टॉवेलांचा गठ्ठा पोचवायला गेली तेव्हा तिने ते पाहिलं. खाली चावीवाले उभे होते, भोवती घामेजलेली माणसं त्यांची पाठ थोपटत होती. तिला वाटलं होतं ते खूश असतील. पण कुणी आपल्याच घराचं कुलूप तोडताना पकडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

तो आकडा कुणामुळे खाली आला हे तिला ठाऊक होतं. सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर नवरा उद्यापासून तिच्या हातचं पाणी घेणार नाही, मग गोळी पोटात जाणार कशी? ती मूग गिळून परत आली.

दोन दिवसांनी फोटोवाले शर्ट घेऊन आले. "वहिनी, मीसुद्धा सोडली बरं का."

"काय सोडली?"

"गोळी. तुमच्या यजमानांचा आकडा मी स्वतः छापलाय, डोळ्यांनी बघितलाय. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

वहिनीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा ना," ती म्हणाली, आणि हे किती पोचट आहे ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"त्यांना कशाला? ते घे म्हणणारच."

आज सांगू, संध्याकाळी सांगू असं करत तो आठवडा गेला. मग चावीवाल्यांचे पाय गेले.

तसे ते बरेच दिवस मांड्या दुखतात म्हणत होते. धाकट्याच्या उठाबशांमुळे असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी एका शाळेच्या कपाटाचं कुलूप बदलायला ते उकिडवे बसले आणि काम झाल्यावर उठताच येईना. शिपायाने काखेत हात घालून उभं केलं. घरी आले ते भिंतीला धरून. धाकटा म्हणाला, मीठ कमी पडतंय. वहिनीने त्याचं पुढचं ऐकलं नाही, नवऱ्याला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

भिंतीवरचं घड्याळ बदललेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मांड्या दाबून बघितल्या, रक्त काढायला लावलं आणि दुपारनंतर दोघांना परत बोलावलं. समोर दोन कागद होते, आजचा आणि व्यायामशाळेतला.

"स्नायूंना इजा झाल्याचं रक्तात दिसतंय. फार नाही, पण आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने असं कधीकधी होतं, जास्त मात्रा झाली तर आणखी. आणि हा आकडा लोणी खाऊन इतका उतरत नाही." त्यांनी चावीवाल्यांकडे पाहिलं. "तुम्ही गोळी किती घेता?"

"घेतच नाही."

वहिनीने टेबलावरच्या दोन्ही कागदांकडे पाहिलं. आता ह्या माणसाच्या पायांवर बेतलंय, आता गप्प बसणं म्हणजे हद्द झाली.

"मी देते," ती म्हणाली. "दह्यातून. रोज एक. पहिल्या दिवसापासून."

चावीवाल्यांनी मान वळवली. रागावतील, उठून जातील, असं तिला वाटलं. पण मांडीवरच्या हत्यारांच्या पिशवीचं कुलूप उघडून त्यांनी आतून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. तीच गोळी, अर्धं पाकीट रिकामं.

"मग ही कुणाची?" ते खालच्या आवाजात म्हणाले. प्रश्न कुणाला होता कळलं नाही.

"अहो," वहिनी म्हणाली.

"मला भीती वाटत होती. सोडली असं सगळ्यांसमोर बोलून गेलो. त्या संध्याकाळी जबडा दुखतोय असं वाटायला लागलं. बाजारापलीकडच्या दुकानातून आणली. तुला सांगितलं असतं तर तू भावाला सांगितलं असतंस, तो माझ्यावर हसला असता."

"मी भावजींना सांगितलं असतं? मी?"

"मला काय माहीत? तू दह्यात काय घालतेस तेसुद्धा मला माहीत नव्हतं. काहीतरी घालतेस एवढं कळत होतं. मला वाटलं, झोपेचं औषध असेल."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं, पण मग गंभीर झाल्या. "म्हणजे रोज दोन, वर त्या उठाबशा. आता काही दिवस पूर्ण बंद. पाय सुधारले की कमी मात्रेवर सुरू करू. एकच गोळी, आणि दोघांच्या समोर." मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "आणि माणसाला न सांगता औषध देऊ नका. ह्या वेळी पायांवर निभावलं."

रस्त्याने दोघं हळूहळू चालत होती, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. निम्म्या वाटेवर वहिनी म्हणाली, "फोटोवाल्यांनी गोळी सोडलीय. तुमचा आकडा बघून."

चावीवाले थांबले. "कधी?"

"आठवडा झाला."

"आधी भावाला सांगू," ते म्हणाले. "नाहीतर त्याचं नाक कापल्यासारखं होईल."

धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. आरशापुढे एक बाई वजन उचलत होती, तिला थांबायची खूण केली आणि आवाज खाली आणला. "दादा, हे तुला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं का बोलायला?"

"शिकवलं म्हणजे?"

"त्यांना माझा बोर्ड खुपत असणार. साहजिक आहे. पण तू स्वतःच्या भावाविरुद्ध असं बोलशील असं वाटलं नव्हतं."

"अरे, पाकीट दाखवू का?"

"पाकीट काय, कुठेही मिळतं." आणि तो वजनाकडे परत गेला. बोर्ड होता तिथेच राहिला.

फोटोवाल्यांकडे वहिनी एकटी गेली. स्टुडिओत ते पडदा सरळ करत होते. तिने काही न लपवता सगळं सांगितलं, दही, पिशवीचं कुलूप, दोन गोळ्या. बोलताना ऐकणाऱ्याला हे किती चमत्कारिक वाटत असेल ते तिला जाणवत होतं. फोटोवाल्यांनी पडदा सोडला आणि स्टुलावर बसले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही दोघं तीन महिने एका घरात राहून एकमेकांना फसवत होता. भाऊ म्हणतो डॉक्टर खोटे, डॉक्टर म्हणतात भाऊ खोटा. मग आज तुम्ही मला सांगताय तेच खरं, हे कशावरून?"

"नका ठेवू माझ्यावर विश्वास," ती म्हणाली. "स्वतःचं रक्त तपासून घ्या. स्वतःच्या आकड्यावर तरी ठेवाल."

"घेतो. पुढच्या आठवड्यात घेतो. शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो आलेत, ते उरकले की."

ओळखपत्रांच्या कामातच त्यांना झटका आला. एका मुलीची हनुवटी जरा वर करायला सांगत असतानाच ते कॅमेऱ्याच्या तिवईला धरून खाली बसले. त्यांच्या बायकोने आरडाओरडा न करता गाडी बोलावली, शटर ओढलं. ते वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. आता ते दुपारपर्यंतच स्टुडिओ उघडतात, आणि जिना चढायचा असला तर मधे थांबतात.

वहिनी दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा फोटोवाल्यांची बायको बाकावर बसली होती. तिने वहिनीला जागा दिली नाही, उठून गेलीही नाही. "गोळी सोडल्यामुळेच झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "ते म्हणाले, असं बोट ठेवून सांगता येत नाही. घेत असते तरी झालं असतं कदाचित." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला तो बोर्ड लागला त्याच दिवशी माहीत होतं ना?"

"हो," वहिनी म्हणाली.

अजूनही फोटोवाल्यांची बायको कपडे दुसऱ्या लाँड्रीत देते. वहिनी ते समजून आहे.

धाकट्याने गल्लीत सांगितलं की फोटोवाले चोरून बिस्किटं खात होते. ते खरं असेलही. पण बोर्ड एके दिवशी आरशाशेजारून गेला. कुणी विचारलं तर तो भिंतीला रंग द्यायचाय असं सांगायचा. भिंतीला रंग काही लागला नाही.

चावीवाल्यांचे पाय महिन्याभरात पूर्ववत झाले. आता ते गोळी स्वयंपाकघरात, दिव्याखाली उभे राहून घेतात. जीभ बाहेर काढून दाखवतात, आधी थट्टेने दाखवायचे, आता सवयीने. वहिनी बघते. दही मात्र ते स्वतःच्या हाताने वाढून घेतात आणि वाटी ओट्यावर एकटी ठेवून बाथरूमलासुद्धा जात नाहीत. एकदा तिने "अजून?" असं विचारलं होतं. ते म्हणाले, "सवय ग, दुसरं काही नाही." तिला ते पटलं नाही, पण तिने ऐकून घेतलं.

पुढच्या रक्ततपासणीला ती त्यांच्याबरोबर गेली. चावीवाले रक्त देऊन समोरच्या दुकानात औषधं घ्यायला गेले होते. बाहेरच्या खुर्च्यांवर, कोपऱ्यात, टोपी कपाळावर ओढलेला एक धिप्पाड माणूस बसला होता. त्याच्या शर्टाची एकाच हाताची बाही गुंडाळलेली होती. वहिनीने त्याला खांद्यांवरून ओळखलं.

"भावजी?"

धाकटा दचकला. "एका क्लायंटला घेऊन आलोय," तो म्हणाला.

"कुठाय तो?"

"येतोय. गाडी लावतोय."

वहिनी शेजारी बसली. क्लायंट काही आला नाही. थोड्या वेळाने खिडकीतल्या बाईने धाकट्याचाच नंबर पुकारला. तो उठला, दोन पावलं गेला आणि मागे वळला. इतका दांडगा माणूस, पण चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, आत येता का जरा? मला सुई बघवत नाही."

ती गेली. त्याने तोंड तिच्याकडे फिरवून डोळे मिटले, आणि रक्त काढून होईपर्यंत तिने त्याचा दुसरा हात धरून ठेवला. बोर्डाचा विषय तिने काढला नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादाला नका सांगू."

"त्यांच्यापासून मी आता काहीच लपवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. चार दिवस वाट बघते."

पाचव्या दिवशी धाकटा लाँड्रीत आला. बराच वेळ इस्त्री केलेल्या कपड्यांचे हँगर उगाच इकडेतिकडे सरकवत राहिला.

"आला का रिपोर्ट?" वहिनीने विचारलं.

"आला. एकदम मस्त आहे. काळजीचं काही नाही."

"दादांना सांगितलंत?"

"सांगितलं की. आत्ताच तिकडून आलो."

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि हात पुढे केला. "दाखवा बघू."

"फोनमध्ये आहे. फोन घरी राहिला."

त्याच्या वरच्या खिशात फोन वाजत होता. दोघांनाही तो ऐकू येत होता. वहिनीने हात मागे घेतला नाही.